छत्तिसाव्या फ्रेमनंतर

कपाटाच्या वरच्या फळीवर एक चपटी लाकडी पेटी आहे. दर मे महिन्यात, पाऊस लागायच्या आधी, ती खाली उतरते. आतल्या सिलिका जेलच्या पुड्या बदलायच्या, एकेक स्लाइड उजेडासमोर धरायची, कुठे बुरशी धरली आहे का ते बघायचं आणि पेटी पुन्हा वर ठेवायची. प्रत्येक स्लाइडच्या पांढऱ्या चौकटीवर बारीक अक्षरांत तीन गोष्टी लिहिलेल्या आहेत: जागा, खोली, तारीख. काहींवर चौथीही आहे, माशाचं नाव. 'मालवण, किल्ल्यामागचा खडक, 5 मीटर, 11 डिसेंबर 1994, गोब्रा.'

रोलवर पाण्याखालचे फोटो काढायला शिकलेल्या आमच्या पिढीची कमाई अशाच पेट्यांमधून आहे. आम्ही मूठभर होतो. कोणी बँकेत, कोणी शाळेत, कोणी कारखान्यात. वर्षभराची रजा साठवायची आणि कोचीहून जहाजानं लक्षद्वीपला जायचं, नाहीतर गोव्याहून टेम्पोत सिलिंडर घालून मालवण गाठायचं. समुद्र वाचवायला हवा, हे वाक्य तेव्हा आमच्या तोंडी नव्हतं. खाली जे दिसतं ते वर आल्यावर कुणाला सांगून पटत नसे. म्हणून फोटो काढायचे, एवढंच होतं.

तेव्हा एका रोलमध्ये 36 फोटो यायचे आणि पाण्याखाली रोल बदलता येत नसे. म्हणजे एका बुडीला 36. जपून वापरायचे, मोजत वापरायचे. पहिल्या रंगीत माशावर रोल उधळणारा पुढच्या खडकाजवळ रिकाम्या हातानं पोचायचा. म्हणून आधी बघायचं आणि मग बटण दाबायचं, हा नियम समुद्रानं नव्हे, फिल्मनं शिकवला. गोब्रा एका कपारीत वर्षानुवर्षं राहतो. माणूस दिसला की आत जातो आणि माणूस गप्प राहिला की हळूहळू तोंड बाहेर काढतो. त्या तोंडासाठी दहा-दहा मिनिटं श्वास मोजत थांबलेलो आठवतं. आणि रोल संपल्यावरही सिलिंडरमध्ये हवा उरलेली असायची. त्या उरलेल्या हवेत, हातातला कॅमेरा मुका झाल्यावर, जे दिसायचं ते नुसतंच बघायचं. सगळ्यात मोठं कासव बहुतेक तेव्हाच यायचं.

आता कार्डावर हजारो फोटो मावतात. एका बुडीत सहाशे फोटो काढून वर आलेली मुलं मी पाहिली आहेत, आणि त्यांतले वीस आमच्या उभ्या आयुष्यातल्या वीसांपेक्षा चांगले असतात, हेही पाहिलं आहे. तेव्हा फोटो संपायचे आणि हवा उरायची. आता हवा संपते आणि फोटो उरतात. यात नुकसान कुणाचं झालं, हे मला पटकन सांगता येत नाही. छत्तीसातले चार जेमतेम बरे निघायचे. बाकीचे काळे, हललेले, नाहीतर शेपटीचे. थांबायला शिकलो हे खरं, पण पुष्कळदा नुसते चुकायलाच शिकलो.

रात्रीचा विधी मात्र मनात घर करून आहे. आमच्याकडे निकोनॉस होता. समुद्रशोधक जाक कुस्तो यांच्या मंडळींसाठी बनलेल्या 'कॅलिप्सो' कॅमेऱ्यावरून निकॉननं 1963 मध्ये तो बाजारात आणला आणि 2001 मध्ये त्याचं उत्पादन थांबलं. त्याच्या सांध्यांत काळ्या रबराच्या गोल कड्या असत, ओ-रिंग. जेवणं झाली की कंदिलाजवळ किंवा बल्बखाली पंचा अंथरायचा. कडी अलगद काढायची, बोटांतून फिरवत पुसायची, सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात द्यायचा, खाच कापसानं साफ करायची आणि कडी परत बसवायची. त्या वेळी कुणी बोलत नसे. एक केस, वाळूचा एक कण, आणि दुसऱ्या दिवशी कॅमेऱ्यात समुद्र. माझ्या एका कॅमेऱ्यात असाच एका केसानं समुद्र शिरला. सहा महिन्यांची शिल्लक दोन मिनिटांत खारी झाली.

आता कॅमेऱ्याच्या डब्यातली हवा छोट्या पंपानं ओढून घेतात, झाकण नीट बसलं की हिरवा दिवा लागतो, ओल शिरली की लाल दिवा आणि शिट्टी. हे किती चांगलं आहे, ते बुडालेला कॅमेरा हातात धरून किनाऱ्यावर बसलेल्या माणसाला विचारावं. पण पंच्याभोवतीची ती शांतता गेली. उद्या समुद्रात जायचं आहे, ही गोष्ट बोटांना आदल्या रात्रीच कळलेली असायची.

पाणी रंग खातं. आधी लाल जातो, पाचेक मीटरवरच तो विटतो. मग नारिंगी, मग पिवळा. खोल गेलं की उरतो निळा, आणि आमच्या कोकणात हिरवा. जो खडक डोळ्यांना राखाडी दिसतो, त्यावर फ्लॅश पडला की तो शेंदरी निघतो. पण ते आम्हांला तिथे कळायचं नाही. रोल मुंबईला यायचा, लॅबमध्ये जायचा, धुऊन, चौकटीत बसून हातात यायला कधी आठवडा, कधी तीन. मग लाइट-बॉक्सवर स्लाइड ठेवायची, त्यावर भिंग ठेवायचं आणि डोळा टेकवायचा. मालवणच्या हिरव्या काळोखात पाहिलेला दगड गिरगावातल्या एका अंधाऱ्या खोलीत पहिल्यांदा लाल व्हायचा. आपण काय पाहिलं, ते आपल्याला पंधरा दिवसांनी कळतं, ही गोष्ट आजच्या मुलांना सांगितली तर ती नवलानं ऐकतात.

आता रंग तिथल्या तिथे दिसतो. चूक झाली तर तिथल्या तिथे सुधारता येते. माशाला दहादा दिपवावं लागत नाही. दिवस मावळायच्या आत फोटो घरी, मित्रांकडे, परदेशातल्या शास्त्रज्ञाकडे पोचलेला असतो. वाट बघण्याचं सुख वगळलं, तर या बदलात हरवलं असं काही नाही. आणि ते सुखही वाट बघून झाल्यावरचं होतं. वाट बघताना ती नुसती तगमग होती.

म्हणून जुन्याची आरती ओवाळताना मी हात आखडतो. आमच्या विद्येचा इतिहास समुद्राशी फार सभ्यपणे वागलेला नाही. 1926 मध्ये फ्लोरिडाजवळच्या ड्राय टॉर्टुगासला लाँगली आणि मार्टिन यांनी पाण्याखालचे पहिले रंगीत फोटो काढले, ते तराफ्यावर मॅग्नेशियमची भुकटी पेटवून, भडक्याच्या उजेडात. 1956 मध्ये कान चित्रपट महोत्सवात सर्वोच्च मान मिळालेल्या, कुस्तो आणि लुई माल यांच्या 'द सायलेंट वर्ल्ड' या माहितीपटात मासे मोजण्यासाठी प्रवाळाच्या खडकावर सुरुंग लावलेला दिसतो, शार्क मारलेले दिसतात. त्याच कुस्तोंनी पुढे जगाला समुद्राची काळजी करायला शिकवलं. आम्ही सुरुंग लावले नाहीत, पण जवळचा फोटो काढायला लेन्सपुढे धातूची चौकट असायची. मासा पळाला की आम्ही ती प्रवाळाला टेकवायचो. फिन्स घातलेले पाय कुठे पडतात हे बघायचो नाही. चांगल्या स्लाइडसाठी किती वर्षांची वाढ खरवडली गेली, याची नोंद कुठल्याच चौकटीवर नाही.

आणि घरोघरची शोकेस आठवते का? रामेश्वर-कन्याकुमारीच्या सहलीहून आलेला शंख, वाळवलेला तारामासा, पांढऱ्या प्रवाळाचं झाड. त्याखाली क्रोशाचा रुमाल. पोवळं म्हणजे ज्योतिषानं सांगितलेली अंगठी, प्रवाळ म्हणजे शोकेसमधलं झाड. ते जिवंत असतं, त्याला हजारो तोंडं असतात, रात्री ती उघडतात, हे पाहुण्यांना सांगितलं तर पाहुणे हसायचे. समुद्र घरी आणायचा म्हणजे तो मरूनच यायचा. 2001 मध्ये प्रवाळ, समुद्रघोडे, समुद्रकाकड्या यांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत जागा मिळाली आणि शोकेसमधलं झाड बेकायदा झालं. आजच्या घरांत ते दिसत नाही. भिंतीवर फोटो दिसतो. या बाबतीत आताचं तेव्हापेक्षा चांगलं आहे, आणि हे मी कुठलाही 'पण' न जोडता लिहितो.

हातातली वस्तू बदलली की माणूस बदलतो, याचा एक दाखला आमच्या पिढीला पाठ होता. ऑस्ट्रेलियाच्या व्हॅलेरी टेलर या भाल्यानं मासे मारण्यातल्या विजेत्या. त्यांनी आणि त्यांचे पती रॉन यांनी भाला ठेवला आणि कॅमेरा घेतला. 'जॉज' या चित्रपटातल्या खऱ्याखुऱ्या शार्कची दृश्यं या दोघांची. त्या चित्रपटानं लोकांच्या मनात शार्कची दहशत बसल्यावर, शार्क तसा नसतो हे सांगत त्या आयुष्यभर फिरल्या. नरभक्षक समजून बेसुमार मारला गेलेला ग्रे नर्स शार्क 1984 मध्ये न्यू साउथ वेल्सनं संरक्षित केला, त्यामागे त्यांचे कष्ट होते. भाला आणि कॅमेरा यांना लागणारं कसब एकच: दबकून जाणं, श्वास धरणं, नेम. फरक नंतरचा. भाल्यानंतर मासा एकाच घरी जातो, फोटोनंतर तो कितीही घरी जातो आणि खडकातही राहतो.

आपल्याकडे हे घडलं ते गुजरातच्या किनाऱ्यावर. वेरावळच्या बाजूला व्हेल शार्क मारले जात. जगातला सगळ्यात मोठा मासा, बारा मीटरच्याही पुढे वाढणारा, माणसाला काही न करणारा. त्याच्या यकृताचं तेल होड्यांना लावायचं, मांस परदेशी पाठवायचं. गळाला पिंपं बांधून त्याला दमवत, म्हणून तिथे त्याचं नावच 'बॅरल' पडलं होतं. माइक पांडे यांनी त्यावर 'शोअर्स ऑफ सायलेन्स' हा माहितीपट केला, तो 2000 मध्ये आला. 2001 मध्ये व्हेल शार्कला कायद्याचं संरक्षण मिळालं, आपल्या देशात असं संरक्षण मिळालेला तो पहिला मासा. पण कायद्यानं जाळं कापलं जात नाही. 2004 पासून रामकथाकार मोरारीबापूंनी कोळ्यांना सांगितलं की ही वहाली दीकरी आहे, बाळंतपणाला माहेरी आलेली लाडकी लेक. माहेरवाशिणीला कोण मारतं? तेव्हापासून शेकडो व्हेल शार्क जाळी कापून सोडले गेले. चित्रानं दिल्लीत काम केलं आणि नात्यानं वेरावळात. दोन्ही लागतात.

आता चित्रं मोजण्यापलीकडे गेली आहेत. 2016 मध्ये इंडोनेशियातल्या सुंबावाजवळ जस्टिन हॉफमन यांनी एक फोटो काढला: कान साफ करायच्या गुलाबी काडीला शेपटीनं धरून वाहत निघालेला समुद्रघोडा. तो जगभर फिरला. प्लास्टिकवरची जाड जाड पुस्तकं ज्यांनी कधी उघडली नसती, त्यांच्या हातातल्या फोनवर तो समुद्रघोडा आला. आमच्या सबंध पिढीच्या स्लाइड्स मिळून जितक्या डोळ्यांनी पाहिल्या नसतील, तितक्या डोळ्यांनी हा एक फोटो पाहिला. पर्यटकाच्या साध्या फोटोचाही उपयोग होतो. व्हेल शार्कच्या अंगावरचे ठिपके प्रत्येकाचे वेगळे. आकाशातल्या ताऱ्यांच्या नक्षीची जुळणी करायला खगोलशास्त्रज्ञ जी रीत वापरतात, तीच 2005 पासून या ठिपक्यांना लावली गेली. एका देशात टिपलेला मासा दुसऱ्या देशातल्या फोटोत ओळखू येतो, त्याच्या अंगाला हात न लावता.

हे सगळं मान्य करून मी एका संध्याकाळकडे येतो. तिच्यासाठीच पेटी उतरवतो.

मालवणच्या पहिल्या बुडीनंतरच्या वर्षी धुतलेल्या स्लाइड्स घेऊन आम्ही परत तिथे गेलो. मालवणचा समुद्र 1987 मध्येच सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला होता, 29.12 चौरस किलोमीटर, सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचं पाणी त्यात आलं. पण ज्यांचं ते पाणी होतं, त्यांच्या मनात त्या जाहीर होण्याची भीती होती. होड्या बंद होतील, किनाऱ्यावरून ओढायची रापण बंद होईल. आम्ही उतरलो होतो त्या घरातल्या काकूंनी एक धुतलेली चादर दिली. ती शाळेच्या भिंतीवर खिळ्यांनी ताणली. प्रोजेक्टर उसना आणला होता. त्याच्या गोल चक्रात 80 स्लाइड्स उलट्या भराव्या लागत, तेव्हा कुठे त्या सुलट्या दिसत. बल्ब तापला की त्यावर बसलेल्या धुळीचा जळका वास यायचा. पंखा घरघरायचा. आणि दर स्लाइडला खट्ट असा आवाज, मग क्षणभर काळोख, मग चित्र.

पुढे बायका बसल्या, मागे पुरुष, दारात पोरं. पहिल्या दोन-तीन स्लाइड्सना कुणी काही बोललं नाही. मग गोब्रा आला. कपारीतून अर्धा बाहेर, अंगावर ठिपके, डोळा आमच्याकडे. रापण ओढण्यात जन्म घालवलेले एक म्हातारे तात्या उठून चादरीजवळ गेले. इतके जवळ की त्यांची सावली माशावर पडली. म्हणाले, "हो मासो मी जाळ्यात लय बगितलंय. तेच्या घरात आज पयल्यांदाच बगतंय."

त्यानंतर ती सभा आमची राहिली नाही. हा गोब्रा की हेकरू, यावर दोन वाड्यांत वाद झाला. ही पाकट कुठल्या वाऱ्याला येते, तो तारामासा जाळ्यात आला तर काय समजायचं, ते बायका सांगू लागल्या. प्रत्येक माशाला दोन-दोन नावं, प्रत्येक खडकाला एक गोष्ट. मी बॅटरीच्या उजेडात पेन घेऊन चौकटींवर नावं लिहीत गेलो. पेटीतली चौथी ओळ आहे ती त्या रात्रीची. आम्ही त्यांना त्यांचा समुद्र दाखवायला गेलो होतो. त्यांनी आम्हांला आमचे फोटो वाचून दाखवले.

शेवटी तात्यांनीच विचारलं, "हे फोटो दाखवून आमची रापण बंद करतलात काय?" खोलीत शांतता झाली. माझ्याकडे उत्तर नव्हतं. ज्या समुद्राचा फोटो काढायचा, त्या समुद्रावर कुणाचं तरी पोट आहे, हे मला त्या प्रश्नानं शिकवलं. रापण ही किनाऱ्यावरून सगळ्या वाडीनं मिळून ओढायची जाळी. तिच्यापेक्षा कितीतरी मोठी जाळी यांत्रिक होड्यांतून पुढे आली. त्यांचे फोटो काढायला आम्ही गेलो नाही. आमची नजर रंगावर होती.

आता मालवण-तारकर्लीला हजारो माणसं पाण्याखाली जातात. ज्यांनी कधी पोहायचा तलाव पाहिला नाही, अशा आजी नातवाचा हात धरून मास्क लावतात. वाडीतली मुलं प्रशिक्षित डायव्हर झाली आहेत. समुद्रात उतरून त्यांना मासळी आणावी लागत नाही, मासळी दाखवून पैसे मिळतात. हे तात्यांच्या प्रश्नाचं निदान अर्धं उत्तर आहे. पण बुडी काही मिनिटांची आणि तिचा व्हिडिओ पक्का असतो. कॅमेऱ्यापुढे मासे जमावेत म्हणून पाव चुरगळून टाकलेला मी पाहिला आहे, नांगर प्रवाळावर पडताना पाहिला आहे. पाण्यातून वर आलेल्या माणसाला 'कुठला मासा पाहिलात?' असं विचारलं तर तो फोन पुढे करतो. फोटोत मासा असतो. नाव कुणी सांगितलेलं नसतं आणि त्यानंही विचारलेलं नसतं. तेव्हा एक स्लाइड चाळीस माणसं मिळून बघायची. आता चाळीस फोटो एक माणूस एकट्यानं बघतो, बोटानं सरकवत. चादर गेली, तिच्याबरोबर चादरीपुढचं भांडण गेलं. त्या भांडणाची मला फार आठवण येते.

तरी माझ्या आठवणीवर माझा पूर्ण विश्वास नाही, आणि तुम्हीही ठेवू नये. वर्षानुवर्षं मी लोकांना सांगत आलो की लक्षद्वीपला पहिल्यांदा गेलो तेव्हा माशांच्या थव्यानं सूर्य झाकला होता. मागच्या मे महिन्यात ती स्लाइड भिंगाखाली धरून मासे मोजले. तेवीस भरले. सूर्य कोपऱ्यात स्पष्ट दिसतो आहे. तेवीस मासे कमी नव्हेत, पण सूर्य झाकायला पुरेसे नाहीत. आठवण दरवर्षी थोडी थोडी जाळी भरत गेली होती.

आठवणीचा दोष याच्या उलटही असतो. डॅनियल पॉली या मत्स्यशास्त्रज्ञांनी 1995 मध्ये तो मांडला. प्रत्येक पिढी आपण पहिल्यांदा पाहिला तो समुद्र पूर्ण भरलेला समजते आणि तिथून घट मोजते. आधीच्या पिढीनं पाहिलेलं तिच्या हिशेबात येतच नाही. याचा पुरावाही फोटोंतूनच मिळाला. फ्लोरिडातल्या की वेस्ट बंदरावर मासेमारीची हौस भागवून आलेले लोक आपली शिकार फळीवर टांगून फोटो काढून घेत. लॉरेन मॅकलेनाकन यांनी असे जुने-नवे फोटो मांडून मासे मोजले. 1956 मध्ये टांगलेल्या माशाचं सरासरी वजन 19.9 किलो, 2007 मध्ये 2.3 किलो. जुन्या फोटोत माणसांपेक्षा मासे उंच आहेत. नव्या फोटोत मासे हाताएवढे आहेत, आणि माणसं तितकीच आनंदी आहेत. ते फोटो काढणाऱ्यांच्या मनात संवर्धन वगैरे काहीही नव्हतं. तारीख मात्र होती.

तेव्हापासून माझ्या पेटीकडे मी वेगळ्या नजरेनं बघतो. लक्षद्वीपच्या माझ्या बऱ्याचशा स्लाइड्स 1998 च्या आधीच्या आहेत. त्या वर्षी एल निनोनं पाणी तापलं, प्रवाळानं आपल्या अंगातलं रंगीत शेवाळ बाहेर टाकलं आणि खडकच्या खडक पांढरे पडले. मग 2010, मग 2016, मग 2024. सावरायला जी वर्षं मिळायला हवीत, तीच दरवेळी कमी पडतात. आज तिथे पहिल्यांदा उतरणारी मुलगी जे बघते, तोच तिचा भरलेला समुद्र. मी तिला 'पूर्वी काय होतं म्हणून सांगू' असं म्हणू लागलो, तर तिनं माझं ऐकू नये. तिनं स्लाइड मागावी. फांद्या मोजाव्यात, तारीख वाचावी. म्हातारपणी सगळ्यांनाच पूर्वीचं पाणी निवळ वाटतं. पण चौकटीवरची 5 मीटर आणि 11 डिसेंबर ही अक्षरं म्हातारी होत नाहीत.

आणखी एक बदल आहे, ज्यानं मला खरोखर दिलासा दिला. 2018 च्या अखेरीपासून महाराष्ट्रात अशी योजना आहे की जाळ्यात व्हेल शार्क, कासव, डॉल्फिन असा संरक्षित जीव अडकला आणि कोळ्यानं जाळं कापून त्याला सोडलं, तर जाळ्याच्या नुकसानीपोटी जास्तीत जास्त 25,000 रुपये मिळतात. पुरावा म्हणून सोडतानाचा फोटो लागतो. ओले हात, डुलणारी होडी, कापलेल्या जाळ्यातून निसटणारं कासव, एका कोपऱ्यात कुणाचं तरी बोट. फोटो तिरका असतो, पुष्कळदा हललेला असतो. आमच्या लाइट-बॉक्सवर आम्ही तो बाजूला सारला असता. पण आमच्या सगळ्या लाल-शेंदरी स्लाइड्सपैकी एकीनंही एक कासव सोडवलेलं नाही. हा फोटो निघतो तोच कासव सुटताना.

गेल्या वर्षी तात्यांचा नातू घरी आला होता. तात्या गेले त्याला पुष्कळ वर्षं झाली. नातू मालवणला डायव्हर आहे, पर्यटकांना खाली नेतो. मी पेटी उतरवली. त्यानं गोब्र्याची स्लाइड खिडकीशी धरली, माशाकडे बघितलं आणि मग बराच वेळ माशाच्या मागे बघत राहिला. म्हणाला, "काका, हो खडक माका म्हायत आसा." कपार, तिच्यावरची भेग, डाव्या अंगाचा उंचवटा. मी मासा टिपला होता. त्यानं त्याचं घर ओळखलं. चौकटीवरचा शब्द त्यानं मोठ्यानं वाचला, अगदी आजोबांच्या हेलात.

गेल्या डिसेंबरात पाणी निवळल्यावर तो तिथे उतरला, त्याच अंगानं, तितक्याच अंतरावरून. मे महिन्यात त्यानं छापील फोटो पाठवला. मी दोन्ही शेजारी ठेवले. माझ्या स्लाइडमध्ये कपारीच्या वर प्रवाळाचं एक पसरट टोपलं आहे, त्याच्या फोटोत तिथे नुसता दगड आहे. उंचवट्यावर माझ्याकडे काही नव्हतं, त्याच्याकडे नव्या प्रवाळाचे तीन छोटे गोळे आहेत. माझा गोब्रा हातभर आहे, त्याचा वीतभर. वीतभर गोब्रा म्हणजे अजून पोर. हे मासे आधी मादी असतात, वाढून मोठे झाल्यावर त्यांतले काही नर होतात. तोवर पुष्कळ वर्षं जावी लागतात, आणि तेवढी वर्षं त्याला कपारीत राहू द्यावं लागतं.

फोटोच्या पाठीमागे त्यानं बॉलपेननं लिहिलं आहे: मालवण, किल्ल्यामागचा खडक, 5 मीटर, तारीख, गोब्रा. फोनमधल्या ॲपनं त्याला या माशाचं इंग्रजी आणि लॅटिन नाव सांगितलेलं असणार. त्यानं आजोबांचं लिहिलं. आणि अक्षर वरच्या अंगाला घेतलं आहे, बारीक, दाटीनं. खालचा भाग पुढच्या डिसेंबरसाठी मोकळा सोडला आहे.